छोट्या बेटावर प्लास्टिकचं काय करावं? श्रेडर घ्यावा का?

कोठीवाली

नमस्कार मंडळी.

कित्येक वर्षं इथे नुसती वाचत आले. पहिल्यांदाच धागा काढतेय, तोही कचऱ्यावर. हसू नका.

मी एका लहानशा, सगळ्यांपासून लांब असलेल्या बेटावर सामानाची कोठी सांभाळते. बेटावर माणसं ५८. दीपगृहाची, हवामान केंद्राची, थोडे संशोधक, जनरेटर आणि पाण्याच्या टाक्या बघणारे, आणि या सगळ्यांची बायकामुलं. सामानाची बोट तीन आठवड्यांनी एकदा येते. समुद्र खवळला की अडीच महिने तीही नाही. बोटीतून उतरलेली प्रत्येक गोष्ट माझ्या वहीत चढते, खिळासुद्धा. वापरून झालं की वहीतून तिचं नाव जातं, वस्तू मात्र बेटावरच राहते. ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला दोन वर्षं लागली.

आधी वस्तीच्या मागे एक खड्डा होता, त्यात सगळं जाळायचे. काळा धूर, आणि विझल्यावर तळाशी वाळू, शंख आणि वितळलेलं प्लास्टिक मिळून झालेले दगडासारखे गोळे. एकदा वारा फिरला आणि सगळा धूर घरांत घुसला, लहान मुलं रात्रभर खोकत होती. त्यानंतर जाळणं बंद. बंद झालं ते बरंच झालं, पण तेव्हापासूनचं सगळं जनरेटरच्या शेडमागे साठतंय. वर जुनं जाळं टाकून कडेला धोंडे ठेवलेत. वारा सुटला की पिशव्या धोंड्यांना जुमानत नाहीत.

हे झालं आमचं. शिवाय पश्चिमेच्या किनाऱ्यावर समुद्र आणून टाकतो ते वेगळंच. दोर, जाळ्यांचे तुकडे, फ्लोट, टूथब्रश, चपला. चपला नेहमी एका पायाच्या. तीन वर्षांत एकही जोडी जमलेली नाही, आणि मी खरंच जमवून पाहिलंय.

आता प्रश्न. छोट्या श्रेडरची (प्लास्टिकचे बारीक तुकडे करणारं मशीन) आणि प्लास्टिक वितळवून फळ्या करायच्या मशीनची डिझाइन्स मोफत मिळतात असं वाचलं. आमचे प्रमुख एका मशीनला मंजुरी द्यायला तयार आहेत. दिवसा जनरेटरवर थोडा भार घेता येतो. घ्यावं का? कोणतं? आणि पुनर्वापराचे खरोखर चालणारे उपाय असतील तर तेही सांगा. बाटलीच्या कुंड्या कृपया सुचवू नका. ६४ झाल्या आहेत आणि लावायला रोपं उरलेली नाहीत.

हिरवा_चाफा

वा, किती छान विषय! ताई, इकोब्रिक करा ना. प्लास्टिकच्या बाटलीत रिकामी वेष्टनं, पुड्या, पिशव्या काठीने ठासून भरायच्या, झाकण लावायचं, झाली वीट. बाकं, ओटे, बागेच्या भिंती, काहीही होतं. मुलांना सुट्टीत उद्योग.

दुसरं, बाटलीचा दिवा. ब्राझीलच्या आल्फ्रेडो मोझर यांनी २००२ च्या सुमाराला केलेला. दोन लिटरच्या पारदर्शक बाटलीत पाणी आणि थोडं ब्लीच घालून ती पत्र्याच्या भोकात अर्धी आत, अर्धी बाहेर बसवायची. दिवसा आत बल्बसारखा उजेड पडतो, वीज शून्य. ब्लीच पाण्यात शेवाळ होऊ नये म्हणून.

दाणेदार

ताई, मी २६ वर्षं मोल्डिंगच्या मशीनवर काढली. दाणा, भंगार, ग्राइंडर हेच आयुष्य. तेव्हा आडवळण न घेता सांगतो, श्रेडर घेऊ नका. निदान आत्ता नको.

तुम्ही म्हणताय ती डिझाइन्स बहुतेक प्रेशस प्लास्टिक या प्रकल्पाची असणार, नेदरलँड्सच्या डेव्ह हाकेन्स यांनी २०१३ मध्ये सुरू केलेली. कल्पनेबद्दल मला आदरच आहे. पण ती मशीन जिथे एकाच जातीचा, स्वच्छ, कोरडा माल पोत्यांनी मिळतो तिथे चालतात. तुमच्याकडचा माल तसा नाही.

पहिली अडचण वाळूची. आमच्याकडे भंगार धुऊन यायचं, तरी ग्राइंडरची पाती सारखी धार लावायला उतरवावी लागत. किनाऱ्यावरच्या दोरात वाळू आणि मीठ दोन्ही. पाती बोथट झाली की मशीन प्लास्टिक कापत नाही, चावत बसतं, तापतं, आणि माल पात्यालाच चिकटतो. पातं तुटलं तर तुमचं दुकान तीन आठवडे लांब, आणि मध्ये पावसाळी समुद्र आला तर अडीच महिने.

दुसरी अडचण मिसळीची. एचडी (कॅन, डबे) १३० अंशांच्या आसपास वितळतं, पीपी (विणलेली पोती) १६५ च्या, पेट (पाण्याच्या बाटल्या) २५० च्या. एकत्र तापवलं तर एक करपतं, दुसरं अजून कच्चं असतं, आणि गार झाल्यावरही ते एकमेकांत एकजीव होत नाहीत. फळी वरून झकास दिसते, वाकवली की थर सुटतात. त्यात पीव्हीसीचा एक तुकडा शिरला तर तापल्यावर हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू. डोळे तर चुरचुरतातच, मशीनचं बॅरल, म्हणजे माल वितळतो ती नळी, तीही खातो तो. पेट नीट न वाळवता वितळवलं तर ओलीने त्याचा जीवच जातो, माल काचेसारखा तडकतो. आम्ही पेट तासन् तास ड्रायरमध्ये ठेवायचो आणि मगच मशीनच्या तोंडात सोडायचो.

तिसरी गोष्ट कुणी सांगत नाही. ग्राइंडरमधून जो भुगा उडतो तो ५ मि.मी.पेक्षा लहान, म्हणजे व्याख्येनेच मायक्रोप्लास्टिक. कारखान्यात चार भिंती असतात. तुमच्याकडे वारा आहे. उचलता येणारी बाटली तुम्ही न उचलता येणारा भुगा करून समुद्राला द्याल.

मग काय करायचं? काटा आहे ना कोठीत? तीन आठवडे, म्हणजे एका बोटीपासून दुसऱ्या बोटीपर्यंत, सगळं प्लास्टिक जातवार वेगळं ठेवा आणि वजन लिहा. समुद्राने आणलेलं त्यात मिसळू नका, त्याचा हिशेब वेगळा.

जात ओळखायची कशी? तळाशी त्रिकोणात आकडा असतो. १ पेट, २ एचडी, ३ पीव्हीसी, ४ एलडी (मऊ पिशव्या), ५ पीपी, ६ पॉलिस्टायरीन, ७ म्हणजे बाकी सगळं. आकडा नसेल तर छोटा तुकडा गोड्या पाण्याच्या बादलीत टाका, बोटांनी दाबून हवेचे बुडबुडे घालवा. एचडी, एलडी, पीपी तरंगतात. पेट, पीव्हीसी, नायलॉन बुडतात. पाण्याची बाटली आणि तिचं झाकण एकाच बादलीत टाकून बघा, बाटलीचा तुकडा खाली आणि झाकण वर. फोम तरंगतो, पण तो त्यातल्या हवेमुळे, त्याला बादली विचारू नका. पिशवी चुरगळताना कुरकुरली तर बहुधा पीपी किंवा एचडी, गप्प राहिली तर एलडी.

जाळून वास घेऊ नका. भंगारवाले घेतात. मीही घ्यायचो, म्हणूनच सांगतोय.

वाटसरू

प्लास्टिकचा रस्ता करा की! मदुराईच्या प्रा. राजगोपालन वासुदेवन यांचं तंत्र आहे, त्यासाठी त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. गरम खडीवर प्लास्टिकचा लेप, मग डांबर.

कोठीवाली

वाटसरू, बेटावर एक सिमेंटची पायवाट आहे, बाकी वाळू. रस्त्यासाठी आधी डांबर आणि खडी बोटीने मागवावी लागेल, आणि रस्ता झाल्यावर त्यावर चालवायला एक ढकलगाडी आहे. तिचंही एक चाक गेलंय.

दाणेदार, मनापासून आभार. जरा हिरमुसले, खोटं कशाला बोलू. मशीनचं चित्र कोठीच्या दारावर चिकटवून ठेवलं होतं. पण काटा आहे आणि वह्या तर आहेतच. उद्या बोट येतेय, उद्यापासूनच धरते.

ओहोटी

किनाऱ्यावरच्या ढिगाबद्दल थोडं. मी काही वर्षं बेटांवर पक्ष्यांचं काम केलं, त्यामुळे नको असतानाही प्लास्टिक मोजावं लागलं.

समुद्राने आणलेलं तुम्ही कधीच संपवू शकणार नाही, हे आधीच मनाशी ठरवून टाका, म्हणजे त्रास कमी होतो. दक्षिण प्रशांत महासागरातल्या हेंडरसन बेटावर माणूस राहत नाही. तरी २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथे ३ कोटी ७७ लाख तुकडे असल्याचा अंदाज निघाला, वजन १७.६ टन. २०१९ मध्ये एक मोहीम तिथे साफसफाईला गेली, काही टन गोळा झालं, आणि लाटांमुळे ते बोटीत चढवताच आलं नाही. भरतीच्या रेषेच्या वर रचून माणसं परत आली. गोळा करणं आणि बेटावरून नेणं ही दोन वेगळी कामं आहेत, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

हिंदी महासागरातल्या कोकोस (कीलिंग) बेटांवर ४१ कोटी ४० लाख तुकड्यांचा अंदाज आला, त्यात ९ लाख ७७ हजार पादत्राणं आणि ३ लाख ७३ हजार टूथब्रश. तुमच्या एका पायाच्या चपला बहुतेक तिथेच जोडीला गेल्यात. त्या अंदाजातला ९३ टक्के भाग वाळूच्या वरच्या १० सें.मी. थरात पुरलेला होता. म्हणजे किनारा स्वच्छ दिसला तरी तो स्वच्छ असतोच असं नाही.

सेशेल्समधल्या अल्दाब्रावर २०१९ मध्ये बारा स्वयंसेवकांनी पाच आठवड्यांत २५ टन उचललं. मागे राहिलेल्याचा अंदाज ५१३ टन, आणि त्यात वजनाने ८३ टक्के मासेमारीचं साहित्य. या ८३ टक्क्यांकडे लक्ष द्या. तुमच्या माणसांकडे महिन्यात चार तास असतील तर ते टूथब्रश वेचण्यात घालवू नका. आधी जाळी आणि दोर. कासवं, पक्षी, किनाऱ्याकडेचं प्रवाळ, सगळ्यांना अडकवणारं तेच, आणि वजनही त्याचंच.

त्यानंतर उघड्या तोंडाच्या बाटल्या आणि डबे. यामागचं कारण फारसं कुणाला माहीत नसतं. तिरक्या पडलेल्या बाटलीत शंखातला खेकडा, संन्यासी खेकडा, आत शिरतो आणि गुळगुळीत भिंतीवरून बाहेर येऊ शकत नाही. तो मेला की त्याच्या वासाने दुसरे येतात. एरवी त्या वासाचा अर्थ 'एक शंख रिकामा झाला' असा असतो, आणि नवा शंख हवा असलेले खेकडे धावतात. एका बाटलीत मग रांगच लागते. कोकोस आणि हेंडरसन मिळून वर्षाला ५ लाख ७० हजारांच्या आसपास खेकडे असे मरतात, असा अंदाज या बेटांवरचं प्लास्टिक मोजणाऱ्या संशोधकांच्याच गटाने काढला होता. तेव्हा बाटली उचलायला वेळ नसेल तर निदान झाकण लावा, नाहीतर तिचा तळ कापा. तुमच्या ६४ कुंड्यांपैकी एकही आडवी पडलेली नाही ना, तेही बघून घ्या.

खड्ड्यातले ते गोळे फेकू नका हो. हवाईच्या कामिलो किनाऱ्यावर तसे सापडले तेव्हा भूशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये त्यांना प्लास्टिग्लोमरेट असं नाव दिलं. प्लास्टिकचे खडकच ते. एखादा कोठीत ठेवा. नव्याने येणाऱ्याला जाळायची हुक्की आली की दाखवायला.

इंजिनरूम

मी जहाजावर सेकंड इंजिनियर. बोलायला उशीर झाला, नेट बंदरात लागल्यावरच मिळतं.

ताई, तुमचं बेट म्हणजे न हलणारं जहाज समजा. आमच्याकडे हाच प्रश्न आहे, जागा कमी आणि बाहेर फेकायला बंदी. मार्पोल, म्हणजे जहाजांमुळे होणारं प्रदूषण रोखायचा आंतरराष्ट्रीय करार, त्याचं पाचवं परिशिष्ट ३१ डिसेंबर १९८८ पासून लागू आहे. त्यात प्लास्टिक समुद्रात टाकायला पूर्ण मनाई, किनाऱ्यापासून कितीही लांब असलात तरी. सगळे पाळतात का? नाही. दक्षिण अटलांटिकमधल्या इनॲक्सेसिबल बेटावर सापडलेल्या बाटल्या अभ्यासल्या तेव्हा त्यातल्या बहुसंख्य आशियातल्या, मुख्यतः चीनमधल्या निघाल्या, त्याही अलीकडच्या तारखांच्या. एवढ्या थोड्या काळात त्या तिथे वाहत जाणं शक्यच नाही. म्हणजे जवळून जाणाऱ्या जहाजांनी टाकलेल्या. आमच्याच जातभाईंची करणी, लाज वाटते.

पण जे पाळतात ते कसं पाळतात ते सांगतो. १०० टन (ग्रॉस टनेज) आणि त्याहून मोठ्या जहाजाला गार्बेज रेकॉर्ड बुक, म्हणजे कचऱ्याची नोंदवही, ठेवावी लागते; मे २०२४ च्या आधी ही मर्यादा ४०० होती. काय, किती, कधी, कुठे उतरवलं, सही. तुमच्या वहीला उजवीकडे एक रकाना वाढवा: 'परत गेलं'.

आता मुद्द्याचं. तुमची बोट येताना भरलेली असते. जाताना?

कोठीवाली

जाताना रिकामी. तीन माणसं, दोन बॅगा, कधी टपालाची पिशवी.

खरं सांगू, हे लिहिताना गप्पच झाले. आम्ही मशीन शोधत होतो आणि रिकामी बोट दर तीन आठवड्यांनी आमच्यासमोरून जात होती. पण दोन वर्षांपूर्वी एकदा कचरा पाठवायचा प्रयत्न झाला होता. गोण्यांतून घाण पाणी डेकवर सांडलं, माश्या झाल्या, आणि कप्तानाने पुन्हा म्हणून घेतलं नाही. त्याचं चुकलं असं मलाही म्हणता येत नाही.

इंजिनरूम

त्याचं चुकलंच नाही. कचरा नका पाठवू, माल पाठवा. फरक फक्त धुण्यावाळवण्याचा आहे. गोडं पाणी वाया घालवू नका, समुद्राच्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवा. (गाळणीतून पाणी सोडा, तुकडे परत समुद्रात नकोत.) बाटली उभी पिळून चपटी करा आणि झाकण लगेच घट्ट लावा, नाहीतर ती हवा घेऊन पुन्हा फुगते. आमच्याकडे कॉम्पॅक्टर, म्हणजे कचरा दाबायचं मशीन, असतं. तुमच्याकडे जनरेटरचा मेकॅनिक असेल आणि हायड्रॉलिक जॅक असेल तर लाकडी पेटीवर जॅक बसवून गठ्ठा बांधायचा प्रेस एका दुपारचं काम आहे. कोरडे, बांधलेले, वजन लिहिलेले गठ्ठे बघितले की कप्तानाचा चेहरा बदलतो. आमच्या बंदरावर मी हे अनेकदा पाहिलंय.

पलीकडच्या धक्क्यावर कोण काय घेतं ते आधी विचारा. नाहीतर तुमचा ढीग फक्त धक्का बदलेल.

कोठीवाली

तीन आठवडे झाले. वही समोर ठेवून लिहितेय.

एकूण ९७ किलो. त्यात पेट ४१, एलडीच्या पिशव्या आणि गुंडाळायचा कागद (कागद कसला, प्लास्टिकच) १७, विणलेली पोती १४, एचडीचे कॅन आणि डबे १२, चकचकीत पुड्या ९, राहिलेलं ४.

४१ किलो पेट बघून मला वाटलं काटा बिघडला. बाटल्या मोजल्या. सोळाशेच्या वर. माणसं ५८, दिवस २१, म्हणजे माणशी रोज एकाहून जास्त पाण्याची बाटली. आणि त्या सगळ्या मीच मागवलेल्या! माझ्याच वहीत, माझ्याच अक्षरात, दर बोटीला, डावीकडच्या पानावर. इतकी वर्षं मी शेडमागच्या ढिगाकडे बघत होते, पान उलटून बघितलंच नाही.

लोक टाकीचं पाणी का पीत नाहीत ते विचारत फिरले. टाकीला पानांचा वास येतो, एकदा पाल निघाली होती, आणि "बाटलीचं बरं असतं" हे तिसरं. टाक्या बघणाऱ्या दादांनी पन्हाळीला एक उभा पाइप जोडला. पावसाचं पहिलं पाणी, छपरावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण घेऊन येतं ते, त्यात भरतं, तो भरला की पुढचं टाकीत जातं. तोंडाला बारीक जाळी. घरोघरी कँडलचे फिल्टर. टाकीच्या पाण्याचा नमुना बोटीने तपासायला पाठवलाय.

दीपगृहावरच्या दोघांसाठी ओहोटींनी व्यक्तिगत निरोपात सुचवलेला सोडिस करून बघतोय. पारदर्शक पेट बाटलीत गाळलेलं पाणी, कडक उन्हात सहा तास आडवं, ढग असतील तर सलग दोन दिवस. जंतू मरतात, खारटपणा जात नाही. बाटलीला ओरखडे पडले की बदलायची. पुनर्वापराचा हा उपाय मला कुंडीपेक्षा पटला.

हिरवा_चाफा

आणि माझ्या इकोब्रिकचं काय झालं? कुणी नावच घेईना!

दाणेदार

चाफा, राग नको. उन्हात उघडी ठेवलेली पेट बाटली ठिसूळ होते, फुटते, आणि आत ठासलेलं सगळं एकदम बाहेर. भिंत बांधायची तर वरून पूर्ण गिलावा हवा, आणि त्या भिंतीचं तीस वर्षांनी काय करायचं हा प्रश्न नातवंडांना. बेटावर बाकं किती लागतात?

कोठीवाली

चाफाताई, थांबा, तुमची वीट मी वाया घालवलेली नाही. इकोब्रिकवाल्यांचा दंडक म्हणे दर मिलिलिटरला किमान ०.३३ ग्रॅम. दीड लिटरच्या बाटलीत साधारण अर्धा किलो. माझ्या पुड्या तीन आठवड्यांना ९ किलो, म्हणजे १८ बाटल्या. शेडमागे ज्या पुड्या वाऱ्यावर सगळ्यात आधी उडायच्या, त्या आता १८ बाटल्यांत बसतात आणि कोठीच्या एका फळीवर मावतात. वीट म्हणून नाही, डबा म्हणून. मुलं भरतात, मी वजन करते, हलकी निघाली तर परत. एका मुलीने ५३० ग्रॅमची आणून दिली, तिला आता कुणी हरवू शकत नाही.

आणि बाटलीचे दिवे दोन बसवले, जनरेटरच्या शेडवर. घरांच्या छपरांना भोकं पाडायला टाकीवाले दादा तयार नाहीत, कारण तीच छपरं पाणी धरतात. बरोबर आहे त्यांचं. शेडमध्ये मात्र दिवसा स्पॅनर शोधायला आता टॉर्च लागत नाही.

ओहोटी

किनाऱ्याचं काय?

कोठीवाली

दोनदा उतरलो. ३१२ किलो, त्यातली २०४ किलो दोर आणि जाळी. तुमच्या अल्दाब्राइतकं नाही, पण दोन तृतीयांश झालंच. जाळी भरतीच्या रेषेच्या बरीच वर, शेडच्या आत ठेवली.

त्यातून एक चूकही झाली, ती सांगते. आमच्यातल्या एकाने चांगलं दिसणारं जाळं रोपांभोवती कुंपण म्हणून लावलं. दुसऱ्या दिवशी त्यात एक पक्षी. जिवंत सुटला. आता जाळं वापरायचं तर घडी घालून, घट्ट ताणून, भोकं बोटाएवढीही राहणार नाहीत असं. दोरही वापरतो, पण नुसता ताडपत्री बांधायला. होडी बांधायला नाही. वरून निळाशार दिसतो आणि हातात घेऊन पिळला की पांढरी पूड पडते.

पोत्यांचंही तेच. वाळू भरून बांधाला लावली होती, उन्हात काही महिन्यांत पट्ट्या सुटून सगळीकडे पांढरे धागे. ते वेचण्यात आमचे दोन रविवार गेले. आता पोती फक्त छपराखाली, किंवा परत बोटीत.

वाटसरू

मशीनचं काय ठरलं मग? उत्सुकता आहे.

कोठीवाली

बरेच दिवस लिहिता आलं नाही, मध्ये समुद्र बंद होता. आता चौथ्या फेरीचे आकडे देते, मग तुम्हीच बघा.

पेट ४१ वरून ९. पाण्याचा अहवाल चांगला आला आणि मी तो कोठीच्या दारावर, मशीनच्या चित्राच्या जागी लावला. तरी तीन घरं बाटलीच मागतात. मी देते, पण रिकामी चपटी करून आणल्याशिवाय दुसरी नाही. मला त्या घरांत काय म्हणतात ते मला कळलंय.

एचडी १२ वरून ५, कारण साबण आणि तेल आता लहान डब्यांऐवजी २० लिटरच्या कॅनमधून येतं आणि कॅन परत जातात. डिझेलचे कॅन लाल रंगाने रंगवले, ते पाण्याला कधीच वापरायचे नाहीत, कितीही धुतले तरी.

एलडी १७ वरून ११ च. यात माझी हार आहे. माल पाठवणाऱ्याला दोनदा लिहिलं की डझनाडझनाला प्लास्टिक गुंडाळू नका, परत पाठवता येतील असे क्रेट द्या. तिसऱ्या बोटीला क्रेट आले. प्रत्येक क्रेट नखशिखांत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. मी धक्क्यावरच हसत बसले. तिसरं पत्र गेलंय, या वेळी सोबत फोटो.

पुड्या ८, पोती १४ चीच १४, बाकी ४. एकूण ५१.

पेट आणि एचडी पलीकडचा भंगारवाला घेतो, कोरडं असेल तर पोतीही. पुड्या कुणीच घेत नाही. भरलेल्या बाटल्या ७१ झाल्या, फळी पुरेना म्हणून दुसरी ठोकली. त्यांचं पुढे काय, ते मला अजून दिसत नाही. दाणेदारांना विचारलं तर ते म्हणाले, "ती पुडी मागवूच नका एवढंच माझ्याकडे उत्तर आहे." त्यामुळे सध्या मी मोठ्या पाकिटांच्या मागे आहे, सुट्या पुड्यांची यादी करून एकेक खोडतेय.

मशीनचं म्हणाल तर मंजुरीच्या पैशांत जॅक, लोखंडी अँगल आणि बांधायच्या पट्ट्या आल्या. मेकॅनिकने प्रेस केला. एका दुपारी नाही हं इंजिनरूम, चार दिवस लागले आणि पहिली पेटी फुटली. आता दिवसाला तीन गठ्ठे होतात. कप्तान पहिल्या वेळी गठ्ठ्याला नाक लावून वास घेऊन गेला, दुसऱ्या वेळी नुसता बघितला, परवा स्वतःच विचारलं, "आज किती?"

इंजिनरूम

चार दिवस चालतील. 'परत गेलं' रकान्यात काय आहे?

कोठीवाली

चार फेऱ्यांत २०३ किलो. उद्या पहाटे बोट आहे, पाच गठ्ठे बांधून तयार आहेत, पण त्यांचं वजन लिहायचं राहिलंय. काटा मुलांकडे आहे, बाटल्यांसाठी. आणायला जाते.